सूनबाईंची रांग आणि साहेबांच्या शुभेच्छा

शेजारच्या वहिनींची सून नेमकं काय काम करते, हे आमच्या गल्लीत कुणालाच धड सांगता येत नाही. दोन नंबरच्या मावशींच्या मते ती शेअर घेते नि विकते. इस्त्रीवाला म्हणतो, बँकेत आहे. खुद्द वहिनींना विचारलं तर त्या म्हणतात, "काही नाही हो, मेल पाठवते." आणि मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून, "मेल पाठवायचे एवढे पैसे देतात म्हणे मुंबईवाले!"

मी टेलिफोन खात्यात अख्खी नोकरी केलेली बाई, त्यातली बरीच वर्षं ट्रॅफिकमध्ये. ट्रॅफिक म्हटलं की लोकांना चौकातला शिट्टीवाला हवालदार दिसतो. आमचं ट्रॅफिक म्हणजे एक्स्चेंजमधून कुठल्या तासाला किती कॉल जातात, एकेक किती वेळ चालतो आणि त्याला किती लाइनी पुरतील, याचा हिशेब. त्यामुळे या पोरीचं काम मला लगेच कळलं. ती माझंच काम करते, फक्त कॉलच्या जागी मेल.

सांगलीत विश्रामबागेला आमचे दोन बंगले पाठीला पाठ लावून आहेत. मधली भिंत कमरेएवढी. तिच्यावर एका बाजूने वहिनींच्या कुरडयांची ताटं आणि दुसऱ्या बाजूने माझे दोन्ही कोपर. सून कुठल्याशा शेअर दलालाच्या कंपनीची मेल-व्यवस्था घरून सांभाळते. बाजार साडेतीनला बंद होतो, स्टॉक एक्स्चेंजच्या फायली यायला संध्याकाळ होते, आणि मधल्या वेळात ती चहाचा कप घेऊन भिंतीपाशी येते. गेल्या आठवड्यात आली ती तोंड पाडून.

"काकू, साहेबांनी दिवाळीचा अंदाज मागितलाय. किती मेल जाणार, किती सर्व्हर लागणार. एका पानात."

"मग दे की."

"दिला. त्यांनी तो भागला."

"म्हणजे?"

"आकडे कंपनीचे नाहीत हं, ते सांगायची बंदी आहे. समजा म्हणून धरा. एका दिवशी ६०,००० गिऱ्हाइकांनी व्यवहार केला, म्हणजे ६०,००० कॉन्ट्रॅक्ट नोटा, सौद्याच्या पावत्या. सेबीच्या नियमाने व्यवहार झाल्यापासून २४ तासांच्या आत प्रत्येकाला नोट गेली पाहिजे. साहेबांनी ६०,००० ला २४ तासांनी भागलं. सेकंदाला धड एक मेलही येत नाही. म्हणाले, एवढ्याला दोन-दोन सर्व्हर कशाला?"

मला हसूच आलं. असे साहेब आमच्या खात्यातही होते. दिवसाचे कॉल घ्यायचे, २४ नी भागायचं आणि लाइनी कापायला निघायचं. अहो, पहाटे तीनला कोण फोन करतंय? आमच्याकडे पहिला नियम बिझी अवरचा. दिवसातला सगळ्यात गर्दीचा तास शोधायचा आणि सगळा हिशेब त्या तासावर करायचा, उरलेले २३ तास आपोआप सुटतात.

"तुझा बिझी अवर कुठला?"

"फाइल आली, बिलं बनली की सगळ्या नोटा एकदम तयार होतात. त्या तासाभरात काढायच्या म्हटल्या तर सेकंदाला १७. रात्री नऊपर्यंत नाही पोचल्या तर हेल्पलाइनला फोन सुरू. नियम २४ तासांचा असेल, पण गिऱ्हाइकाचा नियम वेगळाच असतो."

"आणि रोज सतराच?"

"छे. २०२४ च्या ४ जूनला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स ४,३८९ अंकांनी पडला. अशा दिवशी एरवी महिनोन् महिने खातं न उघडणारेसुद्धा धावत येतात. कुणी घाबरून विकतो, कुणी स्वस्त मिळालं म्हणून घेतो. नोट दोघांचीही निघते."

वहिनी ताट फिरवता फिरवता म्हणाल्या, "म्हणजे लोकांचे पैसे बुडाले की हिचं काम वाढतं."

"वाढले तरी वाढतं, आई. बाजार झोपला तरच मी झोपते."

तिच्या कामातली एक गोष्ट मला फार आवडली. नोटांची संख्या ठरते गिऱ्हाइकांवर, पण नोटेचं वजन ठरतं व्यवहारांवर. एखादा दिवसात एक शेअर घेतो, त्याची एका पानाची पीडीएफ. दुसरा सकाळपासून ऑप्शनमध्ये खेळतो, त्याचा ग्रंथ होतो. प्रत्येकीवर डिजिटल सही लागते, त्यात सर्व्हरचा जीव जातो. शिवाय मेलला जोडलेली फाइल जशीच्या तशी जात नाही, तीन बाइटची चार अक्षरं होऊन जाते. साहेब तीनशे केबी धरतात तिथे वाटेवर चारशे असते. ६०,००० नोटांचे झाले २४ जीबी, आणि तेही तासाभरात. आमच्या कॉलला असलं वजन नव्हतं. प्रेमाचा असो नाहीतर भांडणाचा, लाइन एकच अडायची.

"पण साहेबांकडे ग्राफ असेल की वर्षाचा," मी म्हटलं. "त्यात ४ जून दिसत नाही?"

"तिथेच तर घोळ आहे, काकू. ग्राफ काढणारं जे जुनं अवजार आहे, आरआरडीटूल, ते पाच-पाच मिनिटांचे आकडे घेतं. आकडे जुने झाले की जागा वाचवायला त्यांची तासाची सरासरी करतं, मग दिवसाची. वर्षाच्या ग्राफमध्ये टोकंच राहत नाहीत. कमाल आकडे वेगळे जपून ठेवायची सोय आहे त्यात, पण ती आधी सांगून ठेवावी लागते. माझ्याआधी जो होता त्याने नव्हती सांगितली."

वहिनींचे हात थांबले. "म्हणजे आपल्या आयर्विन पुलाच्या पाण्याची वर्षाची सरासरी काढल्यासारखं. २०१९ साली पूर आलाच नव्हता, असं निघायचं!"

मी वहिनींकडे बघतच राहिले. त्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती आणि गावभागातली वहिनींची दोन नातेवाईक कुटुंबं याच बंगल्यात येऊन राहिली होती. त्यातल्या धाकट्या जावेने जाताना कुकर नेला तो अजून परत आलेला नाही, हे मला दरवर्षी पावसाळ्यात ऐकायला मिळतं. या वर्षी सरासरीच्या निमित्ताने जरा आधी ऐकलं.

"बरं, मग अंदाज करतेस कसा?" मी विषय कुकरवरून परत आणला.

"वाराने. मागच्या काही सोमवारांवरून पुढचा सोमवार, मंगळवारांवरून मंगळवार. त्यातही ताज्या आठवड्यांना जास्त वजन. होल्ट आणि विंटर्स नावाच्या दोघांची १९५७ ते ६० च्या सुमाराची रीत आहे. पातळी वेगळी, चढ-उतार वेगळा, वाराचा किंवा महिन्याचा फेरा वेगळा, आणि तिघांची बेरीज. रोजच्या दिवसांना झकास चालते."

"आणि रोजचा नसलेला दिवस?"

"तेच सांगते. २०२५ चं बजेट १ फेब्रुवारीला होतं. वार शनिवार. त्या दिवशी बाजार मुद्दाम चालू ठेवला होता. मागचे काही शनिवार बघितले तर अंदाज काय येणार? शून्य. मशीनला वार कळतो, अर्थमंत्री कळत नाहीत."

"आणि एक्स्पायरी म्हणतेस ती?"

"ऑप्शनचे सौदे संपायचा वार. त्याची तर गंमतच झाली. वर्षानुवर्षं एनएसईची साप्ताहिक एक्स्पायरी गुरुवारी, त्यामुळे गुरुवारी रात्री डोंगर. सप्टेंबर २०२५ पासून एनएसई गेली मंगळवारी आणि बीएसई आली गुरुवारी. दोघांनी वारांची अदलाबदल केली. जुन्या गुरुवारांवरून शिकलेला अंदाज घेऊन बसलं असतं तर मंगळवारी रात्री बोंब."

म्हणून तिने भिंतीवर कॅलेंडर लावलंय. साधं, कागदाचं, तारखांच्या चौकोनात लाल-हिरव्या खुणा केलेलं. बजेट, निकाल, मोठे आयपीओ, रिझर्व्ह बँकेच्या बैठका, एक्स्पायरी, महिन्याची पहिली तारीख. वहिनींना वाटायचं सून संकष्ट्या-एकादश्या पाळते, म्हणून त्या खूष होत्या. मीही काही बोलले नाही. एका मोठ्या कंपनीच्या मेलचा अंदाज कॅलेंडरवरच्या स्केचपेनवर उभा आहे हे साहेबांना कळलं तर त्यांना कमीपणा वाटेल, पण आम्हीही गणपती आणि दिवाळीच्या ट्रंक कॉलसाठी हेच करत होतो आणि त्याहून बरं काही मला आजवर दिसलेलं नाही.

आता मला राहवेना. आमच्या सगळ्या हिशेबाचा बाप म्हणजे एरलांग. डेन्मार्कचा माणूस, कोपनहेगन टेलिफोन कंपनीत कामाला. १९०९ मध्ये त्याने दाखवून दिलं की कॉल कसेही, कधीही येवोत, त्या बेशिस्तीलाही गणित आहे. १९१७ मध्ये त्याने सूत्रंच दिली, की इतके कॉल, इतक्या लाइनी, तर इतक्या जणांना लाइन मिळणार नाही. टेलिफोनच्या गर्दीचं एकक आजही त्याच्या नावाने मोजतात. आम्ही बिझी अवरला शंभरात एक कॉल वाया गेला तर चालेल असं धरून लाइनी टाकायचो.

"वाया म्हणजे?"

"म्हणजे गेलाच. टूं टूं टूं. माणूस शिव्या घालतो आणि परत फिरवतो."

"माझ्याकडे तसं नाही," सून म्हणाली. "मेल वाया जात नाही, रांगेत उभा राहतो. पलीकडच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारा कोड दिला की त्याचा अर्थ, आत्ता नको, नंतर ये. ५ ने सुरू झाला तर कायमचा नकार. ४ वाला मेल आमचा पोस्टफिक्स, म्हणजे मेल पाठवणारा प्रोग्रॅम, बाजूच्या रांगेत ठेवतो आणि पुन:पुन्हा दार ठोठावतो. आधी पाच मिनिटांनी, मग थांबा वाढवत वाढवत तासाभराच्या थोडं पुढे. पाच दिवस झाले तरी दार उघडलं नाही तर मग परत पाठवतो."

"पाच दिवस! मग तुला कसली घाई गं? काही बुडत तर नाही."

हे मी मुद्दामच म्हटलं. आणि ती तशीच तडकली.

"काकू, तुम्ही असं म्हणता? रांग आहे म्हणूनच कुणाला काही दिसत नाही. तुमच्याकडे लाइन कमी पडली तर लगेच टूं टूं, मंत्र्याचा फोन, चौकशी. माझ्याकडे सर्व्हर निम्मा रिकामा असो की गळ्यापर्यंत भरलेला, बाहेरून सारखाच. एवढंच की मेल जरा उशिरा जातो. साधं एका खिडकीचं गणित घ्या. खिडकी अर्धा वेळ कामात असेल तर रांगेतला सरासरी थांबा एका कामाच्या वेळेएवढा. ८० टक्के कामात असेल तर चौपट. ९० ला नऊपट. ९५ ला एकोणीसपट. साहेब म्हणतात, ९० टक्के वापर म्हणजे पैसा वसूल!"

"आणि ९० चं ९५ व्हायला एखादी एक्स्पायरी पुरते."

"तेच तर."

वहिनींना हे गणित बाजूला ठेवून वेगळंच काही विचारायचं होतं. त्या कधीपासून चुळबुळत होत्या. शेवटी म्हणाल्या, "ते परत पाठवतो म्हणालीस, ते चार नंबरवाल्यांचं झालं तसंच ना?"

इथे थोडं मागचं सांगायला हवं. चार नंबरचे गृहस्थ रिटायर झाल्यापासून देवळात आणि बागेतच दिसतात. शेअर म्हणजे जुगार, असं ते सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठणकावून सांगतात. पंधरवड्यापूर्वी त्यांच्याकडे कुरिअरचं पाकीट आलं. ते बागेत होते, पाकीट बायकोने फोडलं. आत कॉन्ट्रॅक्ट नोट, चांगली पानभर भरलेली. त्या दिवशी त्यांच्या घरात जेवणाचं ताट वाढलं गेलं नाही, अशी पक्की बातमी आहे.

"आई! मी कुणाच्या खात्याबद्दल बोलत नाही," सून म्हणाली. "ती आमची कंपनीच नव्हे, पण असती तरी बोलले नसते."

"नको बोलू. सगळ्यांचं काय होतं ते सांग," मी म्हटलं. चौकशीची ही रीत मी खात्यात शिकले.

"सगळ्यांचं असं की मेलवरची नोट परत आली तर नियमाप्रमाणे तिची नोंद ठेवायची आणि कागदी नोट पाठवायची. आणि परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मेलबॉक्स भरलेला. फुकटची १५ जीबी असते, त्यात फोनमधले फोटो, व्हिडिओ, सगळं एकत्र. ती भरली की जीमेल म्हणतं, नंतर या. आम्ही नंतर, नंतर करत दार वाजवत राहतो."

वहिनी नि मी एकमेकींकडे बघितलं. चार नंबरवाले रोज पहाटे साडेपाचला गुलाबाच्या फुलांसकट सुप्रभात पाठवतात. पंधरा जीबी कुठे गेली ते गल्लीला ठाऊक आहे.

पण त्यातलं खरं दुखणं तिने मग सांगितलं आणि ते मला नवीन होतं. आमचं एक्स्चेंज आमच्या हातात होतं. हिची निम्मी गर्दी दुसऱ्याच्या दारात असते. गिऱ्हाइकांचे बहुतेक पत्ते जीमेलचे, म्हणजे तिचा सर्व्हर कितीही तगडा केला तरी मेल जाणार गूगल घेईल त्या वेगाने. नेहमीपेक्षा एकदम जास्त आले की गूगल ४२१ म्हणून थोपवतं. नवीन सर्व्हर आणला तर आणखी पंचाईत, कारण त्याचा पत्ता कुणाच्या ओळखीचा नाही. पहिले दिवस थोडे थोडे मेल पाठवून ओळख वाढवावी लागते. दिवाळीच्या आदल्या दिवशी सर्व्हर विकत घेऊन काही उपयोग नाही.

"म्हणजे अंदाज दोन महिने आधी हवा," मी म्हटलं.

"आणि नुसती संख्या नको. एक मेल किती वेळ दार अडवतो तेही हवं. सेकंदाला १७ मेल, एकेकाला ३ सेकंद, म्हणजे एका वेळी ५१ दारं उघडी. तेच पलीकडचा सर्व्हर रेंगाळला आणि ३० सेकंद घेऊ लागला, तर ५१०. गिऱ्हाईक एकही वाढलेलं नाही, मेल एकही जास्त नाही. पोस्टफिक्सची ठरीव मर्यादाच १०० प्रोसेसची, म्हणजे १०० दारांची. मग सगळं तुंबतं आणि साहेब विचारतात, आज बाजार थंड होता, तरी?"

हे मला तिने शिकवायला नको होतं. किती कॉल आणि सरासरी किती मिनिटं, यांचा गुणाकार म्हणजेच तर एरलांग. आमच्याकडे लग्नसराईत कॉलची संख्या तेवढीच असायची पण याद्या वाचून दाखवणाऱ्या बायका अर्धा तास सोडायच्या नाहीत. वहिनींना हा टोला लागला असावा, कारण त्यांनी कुरडया आत नेल्या. दोन मिनिटांत परत आल्या, शेंगा घेऊन.

"आणि काही अंदाजच करता येत नाही असं?" त्यांनी विचारलं.

"माणूस," सून म्हणाली. "१९९७ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. मायक्रोसॉफ्टमध्ये, म्हणजे मेलचा सर्व्हर बनवणाऱ्यांच्याच घरात. कुणाला तरी दिसलं की आपलं नाव बेडलम डीएलथ्री नावाच्या कुठल्याशा यादीत आहे. त्याने यादीलाच मेल टाकला, माझं नाव काढा. यादीत होते तेरा हजारांवर लोक. मग दुसरा म्हणाला, माझंही काढा. तिसरा, माझंही. मग शहाणे आले, सगळ्यांना उत्तर देऊ नका असं सगळ्यांना उत्तर देऊन सांगणारे. तासाभरात दीड कोटी मेल, १९५ जीबी."

"अगोबाई!"

"इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, एनएचएसमध्ये, २०१६ च्या नोव्हेंबरात असंच झालं. एक साधा टेस्ट मेल ८,४०,००० जणांना गेला. त्यातल्या शंभर जणांनी जरी ‘मला का पाठवलं’ म्हणून सगळ्यांना विचारलं, तर किती होतात बघा."

मी बोटांवर केलं. आठ कोटी चाळीस लाख.

"याला सर्व्हर वाढवून उपयोग नाही," ती म्हणाली. "याला कुलूप लागतं. मोठ्या यादीला कोण लिहू शकतो ते ठरवायचं, एका मेलला किती पत्ते चालतील ते बांधून ठेवायचं. आमच्या ऑल-स्टाफला फक्त तिघं लिहू शकतात. साहेब त्यात नाहीत, म्हणून माझ्यावर राग आहे त्यांचा."

एवढं झाल्यावर मी तिला म्हटलं, तुझ्या साहेबाला ९० टक्के वगैरे सांगू नकोस, त्याला ते कळणार नाही. त्याला बंद पडल्याचा हिशेब दाखव. आमच्याकडे केबल तुटली की पुढचा प्रश्न एकच असायचा, जोडल्यावर तुंबलेलं किती वेळात निघेल.

कागद तिच्याकडे होताच. आम्ही भिंतीवर ठेवून आकडे मांडले. सर्व्हरची ताकद सेकंदाला २० मेलची धरली, आणि सोपं जावं म्हणून दिवसभर सारखेच मेल येतात असं मानलं. सर्व्हर तीन तास बंद. येणारे मेल सेकंदाला १२ असतील तर तीन तासांत १,२९,६०० तुंबतात. चालू झाल्यावर रोजचं १२ चं काम करून हातात उरतात ८. त्या ८ ने तुंबलेलं उपसायला साडेचार तास. ठीक आहे, रात्र जागायची.

आता येणारे १८ धर, मी म्हटलं. म्हणजे साहेबाचा लाडका ९० टक्के वापर. तुंबले १,९४,४००, हातात उरले २.

तिने भागाकार केला आणि पेन्सिल खाली ठेवली. "सत्तावीस तास, काकू."

"आणि नियम किती तासांचा?"

"चोवीस."

"हे एवढंच पान पाठव."

तिने पाठवलं. परवा उत्तर आलं. तिने मागितलेल्यातलं निम्मं साहेबांनी मंजूर केलं, म्हणजे साहेब लोकांच्या रीतीने पूर्णच म्हणायचं. पण जाता जाता खाली एक ओळ टाकली, की लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सर्व गिऱ्हाइकांना आपल्या सहीने दिवाळीच्या शुभेच्छा जाव्यात, फोटोसह. सर्व म्हणजे ज्यांनी कधीकाळी खातं उघडलं ते सगळे. लाखांत.

लक्ष्मीपूजनाला बाजारात मुहूर्ताचे सौदे असतात. तासाभराचाच व्यवहार, पण शकुनाला एखादा शेअर घेणारी माणसं घरोघरी असतात आणि प्रत्येकाची नोट निघते. म्हणजे नेमक्या त्याच रात्री तिच्या रांगेत आधी नोटा आणि त्यांच्या छातीवर साहेबांचा फोटो.

"जाऊ दे की, दोन्ही जातील हळूहळू," वहिनी म्हणाल्या. "शुभेच्छांना कुठे २४ तासांचा नियम आहे?"

"आई, नुसतं हळू जायचं असतं तर काय हवं होतं! लोक असले मेल उघडत नाहीत, स्पॅमचं बटण दाबतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केलेत. स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या आत हव्यात. त्यापुढे गेलं की आमच्या नावाने जाणाऱ्या सगळ्याच मेलवर वक्रदृष्टी. म्हणजे शुभेच्छा साहेबांच्या आणि अडकणार गिऱ्हाइकाची नोट. नाहीतर पासवर्ड बदलायचा ओटीपी, तो तर दहा मिनिटांत मरतो."

मी तिला एसटीडीची गोष्ट सांगितली. नव्वदच्या दशकात रात्री अकरानंतर पाव दर लागायचा. साडेदहापासून पीसीओबाहेर माणसं घड्याळाकडे बघत उभी. मुंबईला दिलेल्या लेकींच्या आया, हॉस्टेलची पोरं. खात्याने गर्दी मोजली, पण मोजून गप्प बसलं नाही. ज्याला थांबता येतं त्याला पैशाचं आमिष दाखवून रात्रीकडे ढकललं. ज्याचं कुणी गेलंय किंवा जायला टेकलंय तो दुपारी पूर्ण दराने फोन करायचाच. थांबू शकणारा कोण आणि न थांबणारा कोण, हे एकदा कळलं की लाइनी कमी लागतात.

"मेलला पाव दर कुठून आणू?"

"दर नको. रांगा वेगळ्या कर."

ते तिने आधीच करून ठेवलं होतं, पोरगी हुशार आहे. ओटीपीची एक रांग, तिला कुणी आडवं जायचं नाही. नोटांची दुसरी. शुभेच्छा, जाहिराती, साहेबांचे विचार वगैरेंची तिसरी, वेगळ्या पत्त्यावरून, वेगळ्या सर्व्हरवरून, वेग बांधून दिलेला. म्हणजे तिसरीची अब्रू गेली तरी दुसरीला डाग कमी. आणि तिसरी रांग लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी बंद. शुभेच्छा वसुबारसेपासून थोड्या थोड्या सुटतील आणि भाऊबीजेपर्यंत जात राहतील. साहेबांना तिने सांगितलंय की दिवाळीचे सगळे दिवस आपण गिऱ्हाइकांसोबत आहोत. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मीटिंगमध्ये स्वतःची कल्पना म्हणून सांगितलं.

"माझा नंबर कधी?" वहिनींनी विचारलं. त्यांनीही सुनेच्या कंपनीत खातं उघडलंय, हे मला तेव्हाच कळलं. चार नंबरवाल्यांना हसणाऱ्या बाई!

"तुमचा नाही, आई. वर्षभरात ज्यांनी आमचा एकही मेल उघडला नाही त्यांची नावं यादीतून काढली. तीच तर तक्रार करणारी मंडळी. तुम्ही एक उघडला नाहीत."

"अगं, तू समोर बसलेली असतेस. मेल कशाला उघडू?" वहिनींनी शेंगांची टरफलं भिंतीवरून माझ्या कुंडीत लोटली. "बरं, मग मला साहेबांना शुभेच्छा द्यायच्या तर?"

"द्या की," सून कप उचलून आत जाता जाता म्हणाली. फाइल आली होती. "रिप्लाय ऑल तेवढं दाबू नका."